मृत्यूच्या कारणाचा रकाना

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातील एक लिपिक काही महिन्यांपूर्वी हातात दोन कागद घेऊन माझ्याकडे आले. दोन्ही कागद रुग्णालयाचे होते आणि दोहोंच्या तारखांत तीन वर्षांचे अंतर होते. एक त्यांच्या पहिल्या मुलीचा, दुसरा तिच्या पाठच्या मुलाचा. मुलगी १९ व्या दिवशी गेली. मुलगा सव्वा महिन्याचा होऊन गेला. दोन्ही कागदांवर मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिलेला होता : जंतुसंसर्ग. दोन्ही बाळांची हकीकतही जवळजवळ एकच होती. जन्माच्या वेळी वजन बरे, रडणे खणखणीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर पुवाळलेल्या पुटकुळ्या. मग सारी कातडी लाल होऊन तिचे पापुद्रे निघू लागले आणि पाठोपाठ कशानेही न थांबणारे जुलाब. "सर, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता, शक्यतेचा हिशेब तुम्हाला येतो," ते म्हणाले. "आम्ही तिसऱ्याची आशा धरावी की नाही, एवढं सांगा."

त्यांना मी उत्तर देऊ शकलो नाही. मी वैद्य नाही, हे त्याचे एक कारण; परंतु तेवढेच कारण असते तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. वैद्यकातील जाणकारांना विचारल्यावरही जे कळले ते असे की, त्या दोन बाळांना नेमका कोणता रोग झाला होता, हे आता कोणालाही खात्रीने सांगता येणार नाही. बाळे जिवंत असताना त्यांच्या रक्ताचे चार थेंब कोणी राखून ठेवले नाहीत. रकान्यात जंतुसंसर्ग लिहिला गेला, तो खोटाही नसेल. कातडीची तटबंदी ढासळलेल्या अर्भकाला अखेर जंतू गाठतातच. पण तटबंदी का ढासळली, हा खरा प्रश्न होता आणि तो विचारण्याची व्यवस्थाच आपल्याकडे नाही. ही उणीव केवळ वैद्यकीय नाही. माहिती निर्माण करण्याचा खर्च कोणी उचलायचा, हा सार्वजनिक अर्थकारणाचा प्रश्न आहे, आणि त्या नात्याने त्यावर लिहिण्याचे धाडस मी करीत आहे.

एका रोगाला नाव मिळाले

नवजात अर्भकाची कातडी आणि आतडी यांना एकाच वेळी दाह होणारा एक अत्यंत विरळ आनुवंशिक रोग आहे. त्याचे जनुकीय मूळ २०११ साली लंडनमधील संशोधकांनी एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांच्यासमोर एक कुटुंब होते. आईवडील परस्परांच्या रक्ताच्या नात्यातील. एक भाऊ आणि एक बहीण, दोघांनाही जन्मानंतर एक-दोन दिवसांतच पुवाळलेल्या पुटकुळ्या, पुढे अंगभर लाल, सोलणारी कातडी, रक्तमिश्रित जुलाब, तुटके केस, नखांभोवती सूज आणि वरचेवर होणारा जंतुसंसर्ग. बहीण १२ व्या वर्षी एका विषाणूमुळे झालेल्या हृदयदाहाने गेली. भाऊ मात्र वाढला, मोठा झाला. दोघांच्याही शरीरात 'अ‍ॅडम-१७' नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आढळल्या. चार अक्षरे गळली होती, इतकाच तो बिघाड.

हे जनुक एक विकर, म्हणजेच एन्झाइम, तयार करते. त्याचे काम कात्रीचे आहे. पेशीच्या पृष्ठभागाला काही संदेशवाहक प्रथिने दोरीने बांधल्यासारखी चिकटलेली असतात. ही कात्री ती दोरी कापते, मग संदेश शेजारच्या पेशीकडे जातो : वाढ, जखम भरून काढ, अस्तर सांध. कात्रीच नसेल तर संदेश जागच्या जागी राहतात. कातडी आणि आतड्याचे अस्तर ही शरीराची बाहेरच्या जगाशी असलेली सीमा. तिची डागडुजी अखंड चालू असावी लागते. ती थांबली की सीमा फुटते, जंतू आत शिरतात आणि दाह पेटतो. पुढे २०१४ साली दुसऱ्या एका बालकात याच प्रकारचा आजार आढळला. त्याच्या बाबतीत कात्री शाबूत होती. पण तो संदेश स्वीकारणारे, 'ईजीएफआर' नावाचे प्रथिन निकामी होते. पत्र टाकणारा नसला काय किंवा पत्र घेणारा नसला काय, घरात बातमी पोचत नाही ती नाहीच.

जगभरात मोजकीच बालके असलेल्या ह्या रोगाचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. त्याचे एक उत्तर असे की, कर्करोगावरील काही आधुनिक औषधे नेमक्या ह्याच 'ईजीएफआर' प्रथिनाला रोखून काम करतात आणि ती घेणाऱ्या रुग्णांना अंगावर पुरळ व जुलाब यांचा त्रास होतो. तो त्रास का होतो, ह्याचा जणू निसर्गाने मांडलेला पुरावा ह्या बालकांच्या रूपाने वैद्यकाला मिळाला. विरळ रोगाने दिलेले ज्ञान विरळ राहत नाही, ते सर्वांच्या उपयोगी पडते. पण हे उत्तर मी दुय्यम मानतो. मुख्य उत्तर आपल्या जिल्ह्यातच शोधावयाचे आहे.

दिसायला एक, असायला अनेक

आमच्या लिपिक मित्राच्या बाळांना हाच रोग होता, असे मी म्हणत नाही. म्हणताच येत नाही. नवजात किंवा तान्ह्या बाळाची लाल, सोलणारी कातडी आणि जुलाब ही जोडी अनेक रोगांत दिसते, आणि त्या रोगांचे भवितव्य मात्र एकमेकांपासून फार वेगळे असते.

एक रोग असा आहे की, त्यात आतड्याला अन्नातील जस्त शोषून घेता येत नाही. तोंडाभोवती, गुदद्वाराभोवती, हातापायांच्या बोटांवर चट्टे येतात, केस गळतात, जुलाब लागतात. बहुधा बाळाचे अंगावरचे दूध कमी झाले की हा रोग उफाळतो. वरचे दूध आरंभापासूनच चालू असेल तर त्याहून लवकर. एके काळी ह्या बाळांची आशा सोडून देत. १९७३ च्या सुमारास लंडनमधील एका त्वचारोगतज्ज्ञाच्या लक्षात आले की, तोंडावाटे जस्त दिले की ही बाळे थोड्याच दिवसांत सुधारतात. त्याचे जनुक सापडले ते २००२ साली. म्हणजे जनुक सापडण्याच्या तीस वर्षे आधी उपाय सापडला होता आणि तो उपाय म्हणजे जन्मभर घ्यावयाचे, अगदी स्वस्त असे जस्ताचे औषध.

दुसरा गट जन्मजात प्रतिकारशक्तीच्या गंभीर अभावाचा. त्यातील काही प्रकारांतही अर्भकाची कातडी लाल होऊन सोलते आणि जुलाब थांबत नाहीत. त्यांवर अस्थिमज्जेचे रोपण हा उपाय आहे. तो खर्चिक आहे, अवघड आहे. पण वेळेवर झाला तर मूल बरे होऊ शकते. तिसरा गट वर सांगितलेल्या अ‍ॅडम-१७ किंवा ईजीएफआरच्या बिघाडाचा. त्यावर आज मुळापासून उपाय नाही. मात्र काळजीपूर्वक शुश्रूषेने, जंतुसंसर्गाला वेळीच आवर घालून एखादे मूल मोठे होऊ शकते, हे त्या कुटुंबातील भावाने दाखविले आहे.

ह्या तिन्ही दारांवर एकाच रंगाचा पडदा आहे. एका दारामागे काही रुपयांचे औषध, दुसऱ्यामागे मोठी शस्त्रक्रिया नव्हे पण मोठे रोपण, तिसऱ्यामागे केवळ शुश्रूषा. पडदा बाजूला सारल्यावाचून कोणते दार कोणते, हे कळावयाचे नाही. आणि आपल्याकडे तिन्ही दारांवर एकच पाटी लावली जाते : जंतुसंसर्ग.

दुर्मिळांची बेरीज

विरळ रोगांविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज 'विरळ' ह्या शब्दातच दडलेला आहे. एकेक रोग विरळ असतो. त्यांची बेरीज विरळ नसते. जगात असे सात ते आठ हजार रोग असल्याचे मानले जाते आणि त्यांपैकी बहुतेक आनुवंशिक आहेत. आता आपल्या जिल्ह्याचा हिशेब मांडून पाहू. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या ह्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४५ लाखांवर होती. हजारी १५ हा जन्मदर धरला तर वर्षाला ६८ हजारांच्या आसपास बाळे जन्मतात. समजा, लाखात एक अशा प्रमाणात आढळणारा एकच रोग घेतला, तर तो जिल्ह्यात दीड वर्षाने एकदा दिसेल. कोणाही डॉक्टरच्या ध्यानात राहणार नाही. परंतु असे शंभर रोग घेतले तर वर्षाला ६८ बाळे होतात, म्हणजे आठवड्याला एकाहून अधिक. हा आकडा उदाहरणादाखल आहे, सर्वेक्षणाचा नाही. पण त्यातील तर्क खोटा नाही. जे व्यक्तीच्या दृष्टीने अपवादात्मक असते ते समुदायाच्या दृष्टीने ठराविक असते. विम्याचे सारे शास्त्र ह्या एका सत्यावर उभे आहे.

दुसरी गोष्ट. साथी आणि कुपोषण यांनी मरणाऱ्या बालकांची संख्या जसजशी घटते, तसतसा उरलेल्या मृत्यूंत जन्मजात दोषांचा वाटा वाढणे अटळ असते. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे १६ अर्भके वर्षाच्या आत दगावली, आणि त्यांतील ११ पहिल्या २८ दिवसांत. अर्भकमृत्यूचा लढा आता पाळण्याजवळ, पहिल्या महिन्यात येऊन ठेपला आहे. ह्या टप्प्यावर लस आणि क्षारसंजीवनी यांच्याइतकेच निदानाला महत्त्व येते.

आते-मामे आणि दोषाचे वाटप

आमच्या लिपिक मित्राची पत्नी ही त्यांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्या भागात अनेक समाजांत हे नाते लग्नाला उत्तम मानले जाते. त्यामागे जमिनीचे, हुंड्याचे, माहेर-सासरच्या विश्वासाचे अर्थकारण आहे, ते मी हसण्यावारी नेणार नाही. पण आनुवंशिकतेचा हिशेब तटस्थपणे समजून घेतला पाहिजे. आपणा प्रत्येकाच्या अंगी काही बिघडलेली जनुके असतातच. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असल्याने एक बिघडली तरी दुसरी काम निभावून नेते आणि माणूस निरोगी राहतो. त्याला वाहक म्हणतात. आई आणि वडील दोघेही एकाच बिघाडाचे वाहक असतील, तरच मूल आजारी होण्याचा संभव निर्माण होतो. सख्ख्या आते-मामे भावंडांत सरासरीने आठवा हिस्सा जनुके सामाईक असतात. म्हणून अशा जोडप्यात तोच बिघाड दोघांकडे असण्याची शक्यता परक्या जोडप्यापेक्षा वाढते. वाढते एवढेच. अशा बहुसंख्य जोडप्यांची मुले धडधाकट असतात, हेही तितकेच खरे.

दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणी मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. येथे सुशिक्षितही चुकतात. चारात एक याचा अर्थ एक आजारी झाले की पुढची तीन सुखरूप, असा नाही. नाणे मागची फेक लक्षात ठेवीत नाही. दोन्ही बाळे गेली म्हणून तिसरे जगेल असे नाही, आणि तिसरेही जाईल असेही नाही. प्रत्येक वेळी चारात तीन इतकी अनुकूलता नव्याने असते. हा हिशेब त्या दांपत्याला सांगता आला असता, जर रोगाचे नाव ठाऊक असते. ते नाव नसल्याने पोकळी निर्माण झाली, आणि पोकळी समाज स्वतःच्या समजुतींनी भरून काढतो. ग्रहणात भाजी चिरली होती, डोहाळे पुरविले नाहीत, सून पांढऱ्या पायाची आहे, असे सारे बोलून झाले. ज्या बिघाडाचा अर्धा वाटा निरपवादपणे बापाकडून येतो, त्याचा संपूर्ण दोष आईच्या पदरात टाकला गेला. निदानाचा लाभ केवळ बाळालाच होतो असे नव्हे. बाळ वाचले नाही तरी एका स्त्रीची बदनामी त्यामुळे टळली असती.

उपचार वेगळा, निदान वेगळे

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला तो टाळता येत नाही. साधने मर्यादित आहेत. २०२१ साली महाराष्ट्रातील काही तान्ह्या मुलांसाठी १६ कोटी रुपयांच्या एका इंजेक्शनची मागणी झाली, लोकांनी वर्गणी केली, वृत्तपत्रांनी आवाहने छापली. त्या रकमेत किती प्राथमिक आरोग्य केंद्रे चालतील, असा प्रश्न अनेकांच्या मनात आला. तो प्रश्न निर्दय नाही. ज्याला एका मुलाचे प्राण आणि हजार मुलांचे लसीकरण यांत निवड करावी लागते, त्याच्या जागी बसून पाहिले म्हणजे त्याची धार कळते.

केंद्र सरकारने मार्च २०२१ मध्ये विरळ रोगांचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यात रोगांची तीन गटांत विभागणी आहे : एकदाच करावयाच्या उपचाराने बरे होणारे, तुलनेने कमी खर्चाचे पण दीर्घकाळ उपचार लागणारे, आणि उपचार आहे पण तो अतिशय महाग आहे असे. २०२२ साली मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत नेण्यात आली. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय हे त्यासाठी नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. धोरण स्वागतार्ह आहे. परंतु त्याचा लाभ घेण्यासाठी त्या केंद्रापर्यंत पोचावे लागते आणि तेथे पोचताना हातात रोगाचे नाव, निदान पक्का संशय तरी असावा लागतो. राज्याच्या जनआरोग्य योजनेचेही तसेच. तिचा सारा व्यवहार ठरावीक उपचारांच्या यादीवर चालतो. ज्या रोगाला नावच मिळालेले नाही, तो कोणत्या यादीत बसणार?

वादाची गल्लत येथे होते. विरळ रोगाचा उपचार कधी कधी अतोनात महाग असतो. निदान मात्र आज तसे राहिलेले नाही. मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा पूर्ण करण्याच्या प्रकल्पाला २००३ पर्यंत अब्जावधी डॉलर लागले. आज आपल्या देशात जनुकांच्या महत्त्वाच्या भागाची संपूर्ण तपासणी कायम सेवेतील शिक्षकाच्या एका महिन्याच्या पगारात होऊ शकते. ही रक्कम गरीब कुटुंबाला जड आहे, शासनाला नाही. आणि त्या तपासणीतून जी माहिती हाती येते तिचा उपयोग एका मुलापुरता उरत नाही. पुढच्या गर्भारपणासाठी, नात्यातल्या इतर जोडप्यांसाठी, त्या रोगाची पुढची केस पाहणाऱ्या डॉक्टरसाठी ती उपयोगी पडते. ज्या वस्तूचा लाभ अनेकांना मिळतो पण किंमत एकट्याला मोजावी लागते, ती वस्तू बाजार पुरेशी निर्माण करीत नाही, हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवितो. रस्त्यावरील दिव्याला जो न्याय लागू, तोच ह्या निदानाला लागू आहे. महाग उपचाराबाबत समाजाने वाद घालावा, मर्यादा ठरवावी. स्वस्त निदानाबाबत वाद घालण्याचे कारण नाही.

जामखेडने काय शिकविले

आमच्यासारख्या ग्रामीण जिल्ह्याला हे झेपेल काय, अशी शंका घेणाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवावा. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेड येथे काम सुरू केले, तेव्हा तेथील अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी १७६ च्या घरात होते. त्यांनी मोठे रुग्णालय बांधून आरंभ केला नाही. गावोगावच्या, बहुतांशी निरक्षर आणि कित्येकदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून शिकविले. बाळाचे वजन घेणे, जुलाबात पाणी पाजणे, धोक्याची खूण ओळखणे आणि वेळेवर पुढे पाठविणे ही कामे त्या बायकांनी केली. काही वर्षांतच मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचे नाव जगभर गेले. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याची पद्धत सिद्ध केली. तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. आज देशभर आशा सेविका बाळंतिणीच्या घरी ज्या फेऱ्या घालतात, त्यांच्या मुळाशी हे मराठी प्रयोग आहेत.

ह्या अनुभवाचा अर्थ असा की, धोक्याची खूण ओळखणे हे तज्ज्ञाचेच काम असावे लागत नाही. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाकडे आशा सेविका पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा जाते. तिसऱ्या दिवशीची तिची फेरी आणि अंगावरच्या पहिल्या पुटकुळ्या यांची वेळ जुळते. तिच्या तपासणीच्या यादीत एक ओळ वाढविली पाहिजे : पुवाळलेल्या पुटकुळ्या किंवा सोलणारी लाल कातडी, आणि सोबत जुलाब, असे दिसले तर मलम नको, तत्काळ पुढे पाठवा. पूर्वी त्या घरात असेच बाळ दगावले आहे काय, हा प्रश्न तर प्रत्येक फेरीत विचारलाच पाहिजे.

पुढची पायरी जिल्हा रुग्णालयाची. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जन्मजात दोष शोधण्याची जबाबदारी शासनाने तत्त्वतः पत्करली आहे. त्याच व्यवस्थेत तीन गोष्टींची भर घालता येईल. एक, कारण न उमजलेल्या गंभीर आजारी नवजाताचे थोडे रक्त, आईवडिलांच्या संमतीने, राखून ठेवणे सक्तीचे करणे. बाळ वाचले नाही तरी ते रक्त बोलू शकते. दोन, ते नमुने आणि त्वचेची छायाचित्रे मुंबई-पुण्याच्या केंद्रांकडे नियमित पाठविण्याची सोय. नगरहून मुंबईला अडीचशे किलोमीटर आजारी बाळाला घेऊन जाणे कठीण आहे, रक्ताच्या नळीला नाही. तीन, जिल्ह्याला किमान एक प्रशिक्षित आनुवंशिकी सल्लागार. त्याने निकालाचा कागद हातात न देता समोर बसवून समजावून सांगावा. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा १९९४ चा कायदाही आनुवंशिक रोगांच्या गर्भनिदानाला नोंदणीकृत केंद्रांत मुभा देतो. पण त्या मुभेचा उपयोग रोगाचे नाव आधी ठाऊक असणाऱ्यालाच होतो.

खर्चाचे काय? ह्याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हा एकेकट्या शेतकऱ्याला न पेलणारा भार सर्वांनी मिळून उचलण्याचे तत्त्व कोणत्याही ग्रंथावाचून येथल्या माणसाला कळले. उसाच्या टनामागे काही पैसे कापून शाळा आणि दवाखाने उभारणाऱ्या जिल्ह्याला सामुदायिक जोखमीचा अर्थ नव्याने समजावून द्यावा लागू नये. लोणीसारख्या गावात वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा परिषद, सहकारी संस्था आणि वैद्यकीय महाविद्यालय एकत्र आले तर एक निदाननिधी उभारणे अशक्य नाही. शासनाची वाट पाहू नये असे मी म्हणत नाही. शासनाला वाट दाखवावी, असे म्हणतो. जामखेडने तेच केले.

शिक्षकांनाही ह्यात वाटा आहे. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेचा पाठ आहे. आपण तो वाटाण्याच्या रंगांपाशी संपवितो. वर्गातील कित्येक मुलामुलींची लग्ने पुढे नात्यात ठरणार आहेत, हे ध्यानात घेऊन तोच पाठ चारात एक ह्या हिशेबापर्यंत नेला, तर ते शिक्षण परीक्षेच्या पलीकडे पोचेल. आई एकटी दोषी नसते, एवढे एक वाक्य जरी मुले घरी घेऊन गेली तरी पुष्कळ झाले.

आमच्या लिपिक मित्राला मी शेवटी एवढेच सांगू शकलो की, बाळांचे रक्त राहिले नसले तरी तुम्हा दोघांचे रक्त तपासता येईल. त्यातून उत्तर मिळेलच असे नाही, पण मिळू शकते. ते आणि त्यांची पत्नी मुंबईला जाऊन नमुने देऊन आले आहेत. त्यासाठी त्यांनी पतपेढीतून कर्ज काढले. निकालाची ते वाट पाहत आहेत. दोन मुले गमावलेल्या दांपत्याला केवळ त्या मृत्यूचे कारण कळावे म्हणून कर्ज काढावे लागते, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याला शोभणारी नाही. तो रकाना नीट भरण्याची जबाबदारी त्यांची नाही. ती आपणा सर्वांची आहे.